काळी वस्त्रे आणि शुभवर्तमान

निवृत्त माणसाकडे लोक सल्ला मागायला येतात ते त्याच्या शहाणपणामुळे की त्याच्या रिकामपणामुळे, याचा निर्णय आम्हाला अद्याप करता आलेला नाही. गेल्या जानेवारीत एके दिवशी सकाळीच आमचे एक जुने सहकारी घरी आले. महसूल खात्यात आम्ही दोघांनी बारा वर्षे एका छताखाली काढली. ते मेदककडचे तेलुगूभाषक ख्रिस्ती, आणि आम्ही निजामाच्या काळापासून हैदराबादेत राहिलेल्या मराठी कुटुंबातले. एकमेकांच्या घरची लग्ने आणि मर्तिके आम्ही पाहिली आहेत. त्या दिवशी चहाचा पेला तसाच निवू देऊन त्यांनी जे सांगितले, ते ऐकल्यापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेलेला नाही.

त्यांची नात इंग्लंडात लीड्स येथे शिकते. नाताळच्या सुटीत ती घरी आली ती नखशिखांत काळी होऊन. पायघोळ काळा झगा, काळे बूट, काळी नखे, डोळ्यांभोवती काजळाचे जाड वर्तुळ, आणि गळ्यात चांदीचे तीन क्रूस. आपण गॉथ आहोत, असे तिने सांगितले. नाताळच्या उपासनेला ती याच वेषात निघाली, तेव्हा आजोबांनी तिला उंबरठ्यावर अडवले. प्रभूच्या जन्माचा दिवस आहे, मयताला जायचे नाही, असे ते बोलून गेले. नात काही न बोलता परत आपल्या खोलीत गेली. घरातले सगळे चर्चला गेले आणि ती एकटी मागे राहिली. जन्मापासूनचे तिचे हे पहिले चुकलेले नाताळ. आमच्या मित्राचा प्रश्न असा होता, की माणूस गॉथ आणि ख्रिस्ती असे दोन्ही एकाच वेळी असू शकतो काय? आणि नसेल, तर आपण केले ते योग्यच नव्हे काय?

आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे. तेव्हा दुसऱ्याच्या धर्मात काय बसते आणि काय बसत नाही, हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु प्रश्न एका घराच्या उंबरठ्यावर उभा राहिला होता, आणि उंबरठे सर्व धर्मांच्या घरांना असतात. म्हणून वाचता येईल तेवढे वाचले, आणि जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम गॉथ म्हणजे काय, ते पाहू. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात पंक संगीताची लाट ओसरू लागली आणि तिच्यातून एक काळोखी, मंद, उदास वळणाचे संगीत निघाले. नॉर्दॅम्प्टन गावच्या बाऊहाउस या वाद्यवृंदाने १९७९ साली बेला लुगोसी या नटाच्या मृत्यूवर एक दीर्घ गीत काढले. १९३१ च्या चित्रपटात ड्रॅक्युलाची भूमिका करणारा तोच हा लुगोसी. १९८२ साली लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब उघडला आणि या मंडळींना एकत्र जमण्याचे ठिकाण मिळाले. व्हिक्टोरियाकालीन सुतकी पोशाख, पांढरा केलेला चेहरा, कबरस्तानाची आणि वटवाघळांची चिन्हे, जुन्या भयकथांचे वाचन, हा त्यांचा साज. लीड्स हे तर या संगीताचे एक माहेरघरच. सिस्टर्स ऑफ मर्सी हा तेथला वाद्यवृंद १९८० साली निघाला. त्याने आपले नाव लेनर्ड कोहेन यांच्या एका गीतावरून घेतले. पण तेच नाव १८३१ साली डब्लिन येथे स्थापन झालेल्या कॅथलिक जोगिणींच्या संघाचेही आहे. म्हणजे काळोखाच्या या गायकांच्या पाटीवर नाव आहे ते दयेच्या भगिनींचे!

पॉल हॉडकिन्सन या समाजशास्त्रज्ञाने या मंडळींत राहून अभ्यास केला आणि २००२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. या मंडळींना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे समान रुची, एकत्र येणे आणि आपण एकमेकांचे आहोत ही भावना. गॉथांना धर्मग्रंथ नाही, श्रद्धेचा कबुलीजबाब नाही, गुरू नाही, दीक्षा नाही. त्यांच्यात नास्तिक आहेत, निसर्गपूजक आहेत, ख्रिस्तीही आहेत. हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. एका मताचा विरोध दुसऱ्या मताशी होतो. ईश्वर आहे आणि ईश्वर नाही, ही दोन विधाने एका डोक्यात नांदणार नाहीत. परंतु ईश्वर आहे आणि मला काळा रंग आवडतो, या दोन विधानांत विरोध शोधायचा कोठे? तेव्हा तर्कापुरता प्रश्न येथेच मिटतो. पण आमच्या मित्राची अस्वस्थता तर्काने मिटणारी नव्हती, आणि ती निराधार आहे असेही आम्हाला वाटत नाही.

गॉथ या शब्दाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. गॉथ ही मूळची जर्मानिक टोळी. तिच्या अलारिक या राजाने इ. स. ४१० मध्ये रोम लुटले. पुढे अकराशे वर्षांनी इटलीतल्या व्हासारी या चित्रकार-चरित्रकाराने उत्तरेकडच्या उंच, टोकदार कमानींच्या बांधणीचा धिक्कार केला, तो ती रानटी गॉथांची करणी आहे असे म्हणून. वास्तविक गॉथांचा त्या बांधणीशी काही संबंध नव्हता. ती पॅरिसजवळच्या सँ-दनी येथील मठात सूझेर या मठाधिपतीने आरंभली. तेथील नव्या गाभाऱ्याचा अर्पणविधी ११४४ साली झाला. सूझेरचा हेतू अंधार आणण्याचा नव्हता, रंगीत काचांतून देवळात प्रकाश आणण्याचा होता. निंदेसाठी दिलेले नाव पुढे तिला कायमचे चिकटले आणि काही शतकांनी ते मानाचे झाले. १७६५ साली होरेस वॉल्पोलने आपल्या भयकथेच्या दुसऱ्या आवृत्तीवर गॉथिक हा शब्द छापला, तेव्हापासून पडके मठ, भुयारे आणि भुते यांच्या कथांनाही तेच नाव मिळाले. आजच्या काळ्या वस्त्रांतल्या मुलांपर्यंत तो शब्द या वाटेने आला.

आणि आमचे मित्र ज्या मेदकच्या चर्चमध्ये लहानाचे मोठे झाले, ते कोणत्या शैलीतले? गॉथिकच! चार्ल्स वॉकर पॉस्नेट या मिशनऱ्याने दुष्काळात लोकांना काम आणि अन्न मिळावे म्हणून ते बांधायला घेतले आणि दहा वर्षांनी, १९२४ च्या नाताळच्या दिवशी, ते प्रार्थनेसाठी खुले झाले. नोकरीच्या निमित्ताने मेदकला असताना त्याचा सुमारे पावणेदोनशे फूट उंच मनोरा शेतांच्या पलीकडून दिसू लागला, की मुक्काम जवळ आला असे आम्ही समजत असू. त्या गॉथिक कमानीखाली बाप्तिस्मा झालेल्या गृहस्थाने गॉथ नातीला त्याच कमानीखाली येऊ देऊ नये, याची आम्हाला गंमत वाटली. अर्थात शब्द एक असला म्हणून वस्तू एक होत नाही, हे आम्ही जाणतो.

आता ख्रिस्ती धर्माच्या बाजूने पाहू. या धर्माचे मुख्य चिन्हच मुळी देहदंडाचे साधन आहे. ज्याने तो क्रूस प्रथमच पाहिला असेल, त्याला त्यावरचा रक्तबंबाळ देह पाहून भयच वाटेल. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून माणसाला तो माती आहे, याची आठवण दिली जाते. मध्ययुगात भिंतींवर सांगाड्यांचे नृत्य चितारले जाई, त्यात पोपही नाचे आणि नांगऱ्याही नाचे. संत जेरोमच्या चित्रात त्याच्या पुस्तकाशेजारी कवटी असते. चेक देशातील सेडलेट्स येथे सुमारे ४० हजार माणसांची हाडे एका प्रार्थनामंदिरात रचून ठेवली आहेत. पोर्तुगालमधील एव्होरा येथे फ्रान्सिस्कन साधूंनी प्रार्थनामंदिराच्या भिंतीच हाडांच्या आणि कवट्यांच्या केल्या. लांब कशाला, जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात ते आणले होते, आणि लाखो माणसे भक्तिभावाने रांगेत उभी होती. पाद्र्याचा नित्याचा झगा काळा. बेनेडिक्ट संप्रदायाच्या साधूंना तर इंग्लंडात काळे साधू असेच म्हणत.

ग्रंथांतही तेच. ईयोबाच्या पुस्तकात दुःखी माणूस आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो, आणि तरी देव अखेर त्याचीच बाजू घेतो. त्याला गोड उपदेश करणाऱ्या मित्रांची घेत नाही. उपदेशक आणि विलापगीत ही पुस्तके कोणत्याही गॉथ गायकापेक्षा कमी उदास नाहीत. स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. त्याच्या शेवटी नेहमीची स्तुती नाही, आशेची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थनाग्रंथात ठेवले गेले आणि हजारो वर्षे म्हटले गेले. ज्यांनी ते तेथे ठेवले, त्यांना माणसाच्या काही रात्री अशाही असतात, हे ठाऊक होते.

तेव्हा काळोखाचे ख्रिस्ती धर्माला वावडे आहे, असे म्हणता येत नाही. उलट आम्हाला शंका येते ती अशी, की ज्या उपासनामंदिरात केवळ टाळ्या आणि हसरे चेहरे यांनाच जागा आहे, त्याने आपल्याच शुक्रवाराला रजा दिली आहे. अशा ठिकाणी ज्याचे मन दुखावलेले आहे त्याने जावे कोठे? इंग्लंडात केंब्रिज येथील सेंट एडवर्ड या जुन्या चर्चने या शतकाच्या पहिल्या दशकात गॉथांसाठी स्वतंत्र प्रभुभोजनविधी सुरू केला. त्यात मंद प्रकाश, मेणबत्त्या आणि याच मुलांच्या आवडीचे संगीत असे. इंग्लंडातील धर्मसुधारणेचा पुरस्कर्ता ह्यू लॅटिमर याने याच चर्चमधून उपदेश केला होता. १५५५ साली त्याला जाळण्यात आले. एके काळी जेथून नव्या मताचा आवाज निघाला, तेथेच साडेचार शतकांहून अधिक काळाने या मुलांना बसायला बाक मिळाला.

परंतु दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. फाइलवर एकाच पक्षाचे म्हणणे नोंदवून निर्णय देऊ नये, ही आमची जुनी सवय.

पहिला आक्षेप आशेचा. ख्रिस्ती धर्मात मृत्यू आहे, पण तो शेवट नाही. शुक्रवारानंतर रविवार येतो, कबर रिकामी सापडते. गॉथ मात्र कबरीपाशीच रमतो. मृत्यू सुंदर आहे आणि निराशा हीच सखोलता आहे, असे जर कोणी मनापासून मानू लागला, तर तो पुनरुत्थानाचा धर्म मानतो असे म्हणता येणार नाही. हा आक्षेप खरा आहे. मात्र तो वेषाला लागू होत नाही, वृत्तीला लागू होतो. आणि ही वृत्ती पांढरा शर्ट घालणाऱ्यातही असू शकते.

दुसरा आक्षेप रक्तपिपासूंचा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी हे बंदर आहे. ब्रॅम स्टोकर १८९० साली तेथे राहिला आणि १८९७ च्या आपल्या कादंबरीत त्याने ड्रॅक्युलाला तेथेच किनाऱ्यावर उतरवले. तेथल्या टेकडीवर १९९ पायऱ्या चढून गेले की सेंट मेरीचे चर्च आणि त्याचे कबरस्तान लागते. पलीकडे सातव्या शतकात संत हिल्डा यांनी स्थापिलेल्या मठाच्या जागी उभे असलेले भग्नावशेष आहेत. राणी व्हिक्टोरियाचा पती १८६१ साली वारल्यावर तिने जन्मभर काळे वस्त्र धरले, आणि त्या काळात सुतकात घालायचे काळे दागिने व्हिटबीला सापडणाऱ्या जेटचे, म्हणजे अश्मीभूत लाकडाचे, बनत. अशा गावात १९९४ पासून गॉथांचे संमेलन भरू लागले, यात नवल नाही. आता ड्रॅक्युलाची कथा नीट पाहिली तर ती प्रभुभोजनाची उलटी प्रतिमा आहे. ख्रिस्त आपले रक्त देतो, ते दुसऱ्याने जगावे म्हणून. ड्रॅक्युला दुसऱ्याचे रक्त घेतो, ते आपण जगावे म्हणून. चिन्ह एकच, दिशा उलट. ज्याला या उलट दिशेचे आकर्षण वाटते, ज्याला दुसऱ्याला शोषून जगणे भव्य वाटते, त्याला त्या वेदीपाशी अडचण येणारच. पण येथेही आम्हाला दिसते ते हे, की माणूस देणारा आहे की घेणारा, हे त्याच्या नखांच्या रंगावरून कळत नाही. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढल्यावर एवढे तर आम्ही शपथेवर सांगू, की दुसऱ्याच्या रक्तावर जगणारी माणसे बहुधा स्वच्छ, इस्त्रीच्या कपड्यांत असतात.

तिसरा आक्षेप दुर्बळ बंधूचा. मूर्तींना अर्पिलेले मांस खावे की न खावे, असा वाद करिंथ येथील मंडळीत निघाला, तेव्हा संत पौलाने सांगितले ते थोडक्यात असे, की खाण्यात दोष नसला तरी तुझ्या खाण्याने दुसऱ्याची श्रद्धा डळमळत असेल तर विचार कर. नातीनेही आजोबांचा विचार करावा, असा याचा अर्थ निघतो, आणि तो योग्य आहे. कबरस्तानातले दगड छायाचित्रासाठी सुंदर दिसत असतील, पण त्यांखाली कोणाची तरी आई असते. दुसऱ्याच्या शोकाची शोभेची वस्तू करू नये, एवढी मर्यादा गॉथ म्हणवणाऱ्यानेही पाळली पाहिजे. मात्र पौलाचा हा उपदेश बलवानाला केलेला आहे. आजोबा आणि नात यांत बलवान कोण? ज्याच्या हातात दाराची कडी असते तो. हे मित्राला सांगताना आम्हाला संकोच वाटला, पण सांगितले.

चौथी भीती आरोग्याची, आणि ती आजी-आजोबांच्या मनात सर्वांत खोल असते. पश्चिम स्कॉटलंडमधील तरुणांच्या एका पाहणीत २००६ साली असे दिसले, की स्वतःला गॉथ म्हणवणाऱ्यांत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण अधिक आहे. ब्रिस्टल परिसरातील साडेतीन हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून २०१५ साली दिसले, की पंधराव्या वर्षी गॉथांशी जवळीक सांगणाऱ्यांत अठराव्या वर्षी नैराश्य अधिक आढळते. परंतु गॉथ झाल्यामुळे हे होते, असे त्या संशोधकांनी म्हटलेले नाही. आधीच एकटी पडलेली मुले तेथे आधार शोधायला जात असतील, हीही शक्यता आहे. रुग्णालयात आजारी माणसे अधिक आढळतात, म्हणून रुग्णालयाने आजार होतो असे कोणी म्हणत नाही. या आकड्यांवरून आजोबांचे कर्तव्य ठरतेच, पण ते अडवण्याचे ठरत नाही. जवळ बसण्याचे ठरते.

वेष आणि श्रद्धा यांचा हा वाद ख्रिस्ती धर्माला नवा नाही. आमच्या दक्षिणेतच तो चारशे वर्षांपूर्वी लढला गेला. रॉबर्ट दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुराईला आला. त्याने भगवी वस्त्रे धारण केली, मांसाहार सोडला, आणि त्याच्याकडे बाप्तिस्मा घेणाऱ्या ब्राह्मणांना जानवे, शेंडी आणि गंध ठेवू दिले. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांत मोठा गदारोळ झाला. प्रकरण रोमला गेले आणि १६२३ साली पोपने निर्णय दिला, की ही चिन्हे अन्य देवाच्या उपासनेसाठी नसून केवळ सामाजिक रीत म्हणून असतील, तर ती ठेवता येतील. आमच्या समजुतीप्रमाणे लीड्सच्या काळ्या झग्याचा निर्णयही या निकालपत्रात होऊन गेला आहे. ज्यांनी जानव्याला वाट दिली, त्यांना झग्याला वाट देणे जड जाऊ नये.

आपल्या मराठीचे भाग्यही याच उदारतेने उजळले. थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्रज. १५७९ साली तो गोव्याला आला. त्याच्या ध्यानात आले, की येथील लोकांच्या कानांत पुराणांच्या ओव्या आहेत. त्याने ख्रिस्तचरित्र सुमारे ११ हजार ओव्यांत लिहिले आणि ते क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. पुराण हे नाव आणि ओवी हा छंद, दोन्ही त्या काळच्या कडव्या माणसाला मूर्तिपूजकांची वस्त्रेच वाटली असतील. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी अभंग आणि कीर्तन मागे टाकले नाही, बरोबर नेले. ज्या मिशनऱ्यांना टाळ-मृदंग हे हिंदूंचे वाटत, त्यांना आज टिळकांची पदे चर्चमध्ये ऐकून काय वाटले असते, कोण जाणे. श्रद्धा बदलली तरी रुची ठेवता येते, आणि रुची निराळी असली म्हणून श्रद्धा निराळी होत नाही, हे टिळकांच्या उदाहरणावरून आम्हा मराठी माणसांना तरी कळले पाहिजे. रंगाच्या बाबतीत तर आपण बोलूच नये. एरवी काळ्याला अशुभ म्हणणारी आपली घरे संक्रांतीला सुनेला हौसेने काळी चंद्रकळा नेसवतात, आणि सौभाग्याच्या लेण्यात काळेच मणी ओवतात. आमचा देव तर स्मशानात राहतो आणि भस्म फासतो.

येथवर हा विचार निवांत खुर्चीत बसून करण्याजोगा होता. पण वेषावरून माणूस ठरवण्याची किंमत काय होते, तेही सांगितले पाहिजे. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेत कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलांना आणि एका शिक्षकाला ठार मारले. मारेकरी गॉथ आहेत, अशी बातमी पसरली. ती खोटी होती, पण देशभरातल्या काळ्या कपड्यांतल्या मुलांना ती पुढे कित्येक दिवस भोवली. आणि ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडात लँकेशायरमधील बेकप या गावच्या बागेत सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आपल्या मित्रासह रात्री घरी जात असता टोळक्याने त्यांच्यावर हल्ला केला. मित्राला वाचवण्यासाठी ती त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली, तेव्हा तिलाही लाथांनी तुडवले. मित्र वाचला. ती २४ ऑगस्टला गेली. तिचा अपराध एवढाच, की ती गॉथ दिसत होती. खटल्यानंतर दोघांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. २०१३ साली ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा वेषभिन्न तरुणांवरील हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद करण्यास आरंभ केला. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून आपला देह मध्ये घालणारी ती मुलगी चर्चला जात होती की नाही, हे आम्ही शोधले नाही. शोधावेसे वाटले नाही.

आणि आता आमच्याच एका चुकीची कबुली. १९८० च्या दशकात आम्ही एका निवड समितीवर होतो. एक उमेदवार मुलाखतीला आला तो खांद्यापर्यंत केस आणि वाढलेली दाढी घेऊन. उत्तरे उत्तम दिली. आम्ही त्याच्या नावापुढे व्यक्तिमत्त्व अनुकूल नाही, असा शेरा मारून गुण कापले. तो मुलगा निवडला गेला नाही. काही महिन्यांनी कळले, की वडिलांच्या आजारपणात त्याने तिरुपतीला नवस बोलला होता आणि केस राखले होते ते तेथे अर्पण करण्यासाठी. आम्ही ज्याला उच्छृंखलपणा समजलो, ती निष्ठा होती. ती टिपणी आमच्याच हस्ताक्षरात होती, आणि ती मागे घेण्याची सोय नियमांत नव्हती.

ही हकीकत मित्राला सांगून आम्ही म्हटले, की तुम्ही नातीला अडवले, पण विचारले नाही. आधी विचारा. आमच्या मनात अशी आशा होती, की तिच्या काळ्या वस्त्रांमागेही असेच काहीतरी निघेल. तिची आजी आदल्या वर्षी वारली होती आणि तिला अंत्यविधीला येता आले नव्हते, हे आम्हाला ठाऊक होते. त्यांनी दूरध्वनीवर तिला विचारले. तिने उत्तर दिले, की असे काही नाही, मला ते सुंदर वाटते म्हणून घालते. रविवारी चर्चला जातेस का, असे विचारल्यावर ती म्हणाली, जाते की, याच कपड्यांत जाते.

या उत्तराने आम्ही थोडे हिरमुसलो, हे मान्य करतो. नवसाचे केस क्षम्य ठरवणे सोपे होते, कारण त्यांच्यामागे आम्हाला पटणारे कारण होते. पण समजा त्या उमेदवाराने केस केवळ आवडतात म्हणून राखले असते, तर आमचा शेरा योग्य ठरला असता काय? ठरला नसता. आम्हाला पटेल असे कारण दाखवल्यावरच माणसाला आत घ्यायचे, ही अटच मुळी चुकीची आहे. ख्रिस्ताने आपल्या काळच्या धर्ममार्तंडांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली होती. बाहेरून पांढऱ्याशुभ्र, आत हाडे. त्याला भीती पांढऱ्या रंगाची वाटत होती, काळ्याची नाही.

पाश्चात्त्य चर्चमध्ये पवित्र सप्ताहात एक जुना विधी असतो. पंधरा मेणबत्त्या लावतात, आणि स्तोत्रे म्हणता म्हणता एकेक विझवीत जातात. शेवटची मात्र विझवत नाहीत, ती वेदीमागे लपवतात. संपूर्ण अंधारात थोडा वेळ थांबून ती पुन्हा बाहेर आणतात. आमच्या मित्राच्या प्रश्नाचे आमच्या परीने उत्तर यात आहे. अंधारात बसणाऱ्या प्रत्येकाने मेणबत्ती विझवलेलीच असते असे नाही. पुष्कळांनी ती मागे कोठेतरी ठेवलेली असते. गॉथ मुलाची ती आत तेवत असेल, तर त्याच्या ख्रिस्ती असण्याला बाध येत नाही. आणि ती विझली असेल, तर त्याला प्रकाशाच्या ठिकाणापासून दूर ठेवून ती पेटणार नाही.

आमच्या मित्राने हे सर्व मान्य केले, असे नाही. तीन क्रूस कशाला, एक पुरे, असे ते अजून म्हणतात. परंतु येत्या नाताळला नात पुन्हा येणार आहे, आणि तिच्यासाठी त्यांनी आपल्या नेहमीच्या बाकावर, आजीच्या जागी, जागा धरून ठेवायची ठरवले आहे. ती काय नेसून येईल, हे त्यांनी विचारलेले नाही.